पैसे 'जमा' झाले, पण कुठे?

'महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या पोर्टलवर) शिष्यवृत्तीचा हप्ता जमा दाखवतंय, मग कॉलेज मुलीकडे फी का मागतंय' असं एकाने विचारलंय. दरवेळी कॉलेजचीच लबाडी असते असं नाही हो. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीत 2021पासून केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. केंद्राचा हिस्सा, शिक्षण शुल्कासकट, थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि तो कॉलेजला आपण नेऊन भरायचा असतो. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलांना हे कुणी धड सांगत नाही.

आता 'खात्यात' म्हणजे कुठल्या? इथे आमची फसगत झाली. भाचीने कागदपत्रांत गावातल्या बँकेचं पासबुक जोडलं होतं, दर शनिवारी जाऊन एंट्री मारून यायची. तीन महिने काही नाही. पैसे आधारवर येतात, म्हणजे आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात. तिचं ते निघालं सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं! तिला पत्ताच नव्हता. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' (सीडिंग म्हणजे पैसे येण्यासाठी आधार खात्याला जोडणं) बघा, दोन मिनिटांत बँकेचं नाव दिसतं. चुकीची असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म द्या, आणि फॉर्मवर 'डीबीटीसाठी' (म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) असं स्पष्ट लिहा. नुसतं केवायसीला (ओळख पटवायला) आधार दिलं म्हणजे सीडिंग झालं असं होत नाही, काउंटरवरचे काही म्हणोत.