सायकलच्या नव्या गिअरसाठी कंपनी काढायची आहे, तातडीने मदत हवी

गतिमान
नमस्कार मंडळी. सायकलचा नवीन गिअर तयार केला आहे. चालतो, रोज वापरतो आहे. आता तो विकायला कंपनी काढायची आहे. प्रश्न एवढाच की भागीदारी फर्म करावी की थेट प्रायव्हेट लिमिटेड, आणि पार्टनरला किती टक्के द्यावेत? तो पन्नास मागतो आहे. पुढच्या आठवड्यात त्याला उत्तर द्यायचं आहे. कृपया 'गूगल करा' म्हणू नका, ते करूनच डोक्याचा भुगा झाला आहे.

चिकित्सक
गिअर म्हणजे नेमकं काय? डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा), मागचा हब (चाकाचा मधला गाभा), की पायडलपाशी बसणारी गिअरबॉक्स? पार्टनर पैसे घालणार आहे, यंत्रं देणार आहे की नुसताच सोबत उभा राहणार आहे? पेटंटचा अर्ज केलाय? पेशंट न बघता गोळी कशी लिहून देणार?

एकगिअरी
कोणी विचारलं नाही तरी सांगतो. सायकलला गिअर हवेतच कशाला? मागे एकच चक्र, चेन ताठ, ना केबल ना कटकट. चढ आला की उतरून चालावं, पाठीलाही बरं.

पाना_पक्कड
@एकगिअरी, गिअर विकायच्या धाग्यावर येऊन गिअर नको म्हणताय, धन्य आहात.
@गतिमान, किती गिअर आहेत? सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड गिअरमध्ये कितीचा फरक? पायडलवर जोर असताना बदलतो का? हबची रुंदी?

गतिमान
मागच्या हबमध्ये आहे. पाच गिअर. चढावर उभं राहून पायडल मारतानाही बदलतो, तीच तर गंमत आहे. आतलं कसं ते सांगणार नाही. पेटंटचं नंतर बघू, आधी कंपनी. पार्टनरचं वर्कशॉप आहे, नमुना तिथेच बनला. टक्क्यांचं सांगा ना कोणीतरी.

पाना_पक्कड
आतलं सांगू नकाच. पण नमुना चालणं वेगळं आणि विकलेला हब तक्रार होऊन परत न येणं वेगळं, म्हणून विचारतो. ८० किलोचा माणूस १७० मिमीच्या क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) पूर्ण वजनानिशी उभा राहिला की क्रँकवर साधारण १३३ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, येतो. पुढे ३२ आणि मागे २० दाते असतील तर त्यातला ८३ च्या आसपास हबपर्यंत पोचतो. हँडल ओढून जोर लावला तर आणखी. मागचं चक्र मोठं करत गेलात की तो वाढतच जातो. म्हणून तर १४ गिअरचा हब बनवणारे रोलॉफवालेसुद्धा पुढच्या-मागच्या दात्यांचं किमान गुणोत्तर घालून देतात आणि त्याखाली जाऊ नका म्हणतात. तुम्ही असं काही ठरवलंय का?

दुसरं, आतल्या ग्रहचक्रांच्या (मधल्या चक्राभोवती फिरणाऱ्या छोट्या चक्रांच्या) दात्यांना पाणी दिलंय, म्हणजे तापवून कठीण केलंय, की मिलिंग करून तसेच बसवलेत? कुत्रे, म्हणजे दात्यात अडकून जोर पोचवणारे खटके, कुठल्या पोलादाचे? माझ्या अनुभवात दाता शेवटी तुटतो, त्याआधी कुत्र्याची धार गोल होते आणि चढावर एकदम पाय खाली जातो. हब उघडा आणि सगळ्या कुत्र्यांची टोकं भिंगाखाली धरा. एकाच टोकावर चकचकीत पट्टा आणि बाकीच्यांवर अजून काळपट रंग असेल तर भार वाटला जात नाहीये, सगळा तो एकटाच झेलतोय. पाच नमुन्यांत हे लक्षात येत नाही, पाचशेत येतं, आणि तेव्हा पैसे तुमचे गेलेले असतात.

रुंदीचं उत्तर आलंच नाही. जुन्या रोड बाइकला १३० मिमी, जुन्या माउंटन बाइकला १३५, थ्रू-ॲक्सलला (आरपार जाणाऱ्या जाड दांड्याला) १४२ आणि १४८. एकाच मापात बसणार असेल तर गिऱ्हाईकही तेवढंच.

जुनी_सायकल
जोर असताना बदलतो म्हटल्यावर आठवलं. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा एडब्ल्यू हब, १९३६ पासूनचा. मागच्या चक्राच्या वेगाच्या ७५, १०० आणि १३३ टक्के, बस. थेंबभर तेल घालत राहिलं तर आयुष्य काढतो. फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एक न्यूट्रल लपलेला असतो. केबल जराशी सैल पडली आणि नेमके उभे राहून पायडल मारत असलात तर दांडीवर आपटलात म्हणून समजा. दांडीवर आपटलेली माणसं तो प्रसंग विसरत नाहीत. तुमच्या हबात दोन गिअरच्या मध्ये काय होतं?

गतिमान
न्यूट्रल नाही. रुंदी १३५. पाणी दिलंय, बाहेरून करून घेतलं. आता टक्के?

सनदशीर
टक्के थांबू देत. हा हब कोणाला दाखवलाय का? प्रदर्शनात, मित्रांच्या राइडवर, व्हिडिओत? एखादा विकलाय किंवा कोणाला वापरायला दिलाय?

गतिमान
विकला नाही. व्हिडिओ टाकलाय, पण त्यात आतलं काहीच दिसत नाही. चाक फिरतंय आणि गिअर बदलतोय एवढंच. लोकांना आवडलाय. एका मित्राने काही दिवस चालवला.

तडकाफडकी
संपलं मग. व्हिडिओ टाकला की पेटंट गेलं. कंपनीचा विचार सोडा.

सनदशीर
@तडकाफडकी, इतकं सरळ नसतं. जगापुढे नेमकं काय उघड झालं हे बघितलं जातं. बाहेरून फिरणारं चाक बघून त्या क्षेत्रातल्या माणसाला आतली रचना कळणार नसेल, तर त्या व्हिडिओने रचनेचं नावीन्य आपोआप जात नाही. मित्राला दिलेला हब मात्र मला जास्त टोचतोय. गुप्ततेची काही समज नसताना दिला असेल आणि त्याला तो उघडून पाहता आला असता, तर वकील त्यावर प्रश्न विचारणार.

@गतिमान, शोधकाने स्वतःच उघड केलं असेल तर अमेरिकेत अर्जाला एक वर्षाची सवलत मिळते. युरोपात अशी सर्वसाधारण सवलत नाही. पहिला अर्ज केलात की पेटंटविषयीच्या पॅरिस करारानुसार इतर देशांत जायला १२ महिने. त्याच मुदतीत पीसीटीचा (पेटंट सहकार्य कराराचा) आंतरराष्ट्रीय अर्ज केला तर प्रत्येक देशाचा वेगळा खर्च बहुतेक ठिकाणी पहिल्या तारखेपासून ३० महिन्यांपर्यंत लांबवता येतो. त्यामुळे 'पेटंट नंतर, कंपनी आधी' हा क्रम उलटा आहे. कंपनीची नोंदणी महिनाभराने झाली तर काही बिघडत नाही. अर्जाआधी कोणी तशीच रचना छापली तर बिघडतं.

वकिलाकडे जाण्याआधी स्वतः शोध घ्या. एस्पेसनेट आणि गूगल पेटंट्स ही पेटंट शोधायची संकेतस्थळं फुकट आहेत. पेटंटचा वर्ग बी६२एम, त्यात दातेरी चक्रांच्या गिअरसाठी बी६२एम ११ आणि चेनसाठी ९. शंभर वर्षांपूर्वीची चित्रं सापडतील आणि त्यातलं एखादं तुमच्यासारखं दिसेल. घाबरू नका, फरक कुठे आहे तो लिहून काढा.

उद्योगी
इतका खटाटोप कशाला? पेटंट घ्या आणि शिमानो किंवा स्राम अशा सायकलचे भाग बनवणाऱ्या मोठ्या कंपनीला परवान्यावर देऊन टाका. घरबसल्या रॉयल्टी.

पाना_पक्कड
@उद्योगी, घरबसल्या! मोठ्या कंपन्या बाहेरून आलेल्या कल्पना न मागता घेत नाहीत, पाकीटही उघडत नाहीत, कारण उद्या वाद नको. आणि त्या सुटा गिअर विकत नाहीत, अख्खा ग्रुपसेट विकतात. सायकल बनवणारा शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा भाग), क्रँक, ब्रेक सगळं एकाकडून उचलतो, सूटही त्यावरच मिळते. १९८७ मध्ये सुरू झालेली स्राम स्वतः ग्रिप शिफ्ट हा एकटा शिफ्टर घेऊन आली आणि ह्याच भिंतीवर आदळली. १९९० मध्ये शिमानोवर खटला भरला, पुढच्या वर्षी तडजोड झाली. एकट्या भागाचं दुकान मांडणाऱ्याने हे प्रकरण वाचून ठेवावं.

उद्योगी
म्हणजे माझाच मुद्दा! एकट्याने बाजारात टिकत नाही, म्हणून परवाना.

चिकित्सक
आणि पेटंट म्हणजे अमृत नव्हे. सनटूर या जपानी कंपनीने १९६४ मध्ये तिरक्या समांतरभुजाचा डिरेलर काढला, त्यांचं पेटंट संपलं तसं शिमानोने ती रचना आपल्या क्लिक होणाऱ्या इंडेक्स शिफ्टिंगशी जोडली आणि सनटूर मागे पडत गेली. पेटंटची वर्षं विकायला वापरायची असतात, हे त्यांना उमगलं नाही.

पाना_पक्कड
उमगलं नाही हे जरा जास्तच. वीस वर्षं चांगलं विकलं त्यांनी. हरले ते इंडेक्सिंग उशिरा आणि अर्धवट आणल्याने.

बॅटरीवाला
यात मोटर बसवायची सोय आहे का? सध्या ई-बाइकचं युग आहे. साधा गिअर कोण घेणार?

चिकित्सक
@बॅटरीवाला, मोटर बसवली की हबवर येणारा टॉर्क वाढतो, म्हणजे वरचा सगळा हिशोब पुन्हा. त्यांना आधी साधाच विकू दे.

नामकरण
कंपनीचं नाव ठरलं का? लोगो मी मोफत करून देईन. 'गती' असलेलं नाव टाळा, सगळीकडे तेच आहे. (आयडी बघून बोलत नाहीये.)

गतिमान
लोगो नंतर. टक्क्यांवर कोणीच बोलत नाहीये. पार्टनर म्हणतो, माझं वर्कशॉप, माझं लेथ, म्हणून निम्मं. मी नोकरी सोडणार नाही सुरुवातीला, तो पूर्ण वेळ देणार. त्यामुळे त्याचंही खरं आहे.

सनदशीर
नोकरी कुठल्या क्षेत्रात?

गतिमान
गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये, डिझाइनला. पण हे काम घरी आणि पार्टनरकडे केलंय, ऑफिसचा संबंध नाही.

चिकित्सक
अहो, हे आत्ता सांगताय! गिअरबॉक्सच्या कंपनीतला डिझायनर घरी गिअर बनवतो आणि विचारतो काय, तर पार्टनरशिप की प्रायव्हेट लिमिटेड!

सनदशीर
सगळं बाजूला ठेवून आज नेमणूकपत्र शोधा. 'कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित कुठलाही शोध कंपनीचा' अशा अर्थाचं कलम बहुतेक पत्रांत असतं. सायकलचा हब त्यात येतो का, हे भाषेवर आणि तुमच्या इथल्या कायद्यावर अवलंबून आहे. कामाच्या वेळेत केला नाही एवढ्याने सुटका होईलच असं नाही. ड्रॉइंग ऑफिसच्या संगणकावर किंवा ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं असेल तर वकिलाला ते आधी सांगा. आणि ऑफिसच्या मेलवरून या विषयावर काहीही पाठवू नका, मागचं पुसायलाही जाऊ नका. कलम आडवं येत असेल तर कंपनीकडून 'या शोधावर आमचा दावा नाही' असं लेखी घेता येतं. ते मागायचं कसं हे वकील सांगेल. जे तुमचं आहे की नाही हेच माहीत नाही, त्याचे टक्के वाटता येत नाहीत.

मिळूनसारे
आमच्या दोघांच्या धंद्यात ५०-५० होतं. पहिलं मोठं मतभेदाचं काम आलं आणि कोणालाच सही करता येईना. टक्के पुढे-मागे चालतील, पण अडकलं तर निर्णय कोण घेणार हे कागदावर हवं. शिवाय शेअर एकदम हातात देऊ नका, चार वर्षांत हळूहळू मिळतील आणि वर्षभराआत सोडून गेला तर काहीच नाही, असं लिहिता येतं. मात्र नियम तुम्हालाही तोच लागू. शोधाची मालकी आणि कंपनीतले शेअर वेगळे ठेवा. पेटंट तुमच्या नावावर ठेवून कंपनीला वापराचा करार करता येतो. पुढे पैसे गुंतवणारा बहुधा म्हणेल पेटंट कंपनीतच आणा, त्यावर भाव करता येतो.

जुनी_सायकल
पार्टनरचाही विचार करा हो. वर्कशॉपवाला नुसता लेथवाला नसतो. नमुन्यात एखादी गोष्ट त्याने सुचवली असेल तर तोही शोधक ठरू शकतो ना?

सनदशीर
@जुनी_सायकल, अगदी बरोबर. पेटंटच्या दाव्यातला एखादा भाग त्याच्या डोक्यातून आला असेल तर अर्जात त्याचं नाव शोधक म्हणून घालावं लागतं. सांगितलेलं माप लेथवर काढून दिलं, तेवढ्याने शोधक होत नाही. @गतिमान, कोणी काय सुचवलं ते दोघांनी बसून आत्ताच लिहा, सही-तारखेसह.

गतिमान
नेमणूकपत्र सापडलं, कलम आहे. वकिलाची वेळ घेतली. पार्टनरला सांगितलं की आत्ता टक्के सांगत नाही. तो चिडलाय, म्हणतो लेथचे पैसे तरी दे. कुत्र्याला मागे झुकवायची कल्पना त्याची होती, हे मान्य. आता लेथच्या तासांचा हिशोब कसा करतात?

पाना_पक्कड
बाहेरच्या गिऱ्हाइकाला तो तासाचा जो दर लावतो, तोच धरा. माल आणि बाहेरून करून घेतलेलं हीट ट्रीटमेंट वेगळं. बिल मागा आणि पैसे चुकते करा, शेअरमध्ये वळवू नका. कुत्रा झुकवण्याची गोष्ट मात्र बिलात मावणार नाही, ती वकिलाच्या कागदावर जाऊ दे.