सेबर इंजिन: पैशाअभावी मेलं की गणितानं मारलं?

अवकाशवेडा: ब्रिटनची रिअ‍ॅक्शन एंजिन्स ही कंपनी ३१ ऑक्टोबर २०२४ ला प्रशासकाच्या ताब्यात गेली. १९८९ पासूनचं त्यांचं वेड म्हणजे सेबर: धावपट्टीवरून उठताना हवेतलाच ऑक्सिजन ओढायचा, मॅक ५ च्या (आवाजाच्या पाचपट वेगाच्या) पुढे तोंड मिटायचं आणि टाकीतल्या ऑक्सिजनवर रॉकेट होऊन कक्षेत जायचं. २०१९ मध्ये कोलोरॅडोत फँटम विमानाच्या जुन्या जे-७९ इंजिनाचा हजार अंशांचा झोत त्यांच्या प्रीकूलरनं, म्हणजे इंजिनात शिरणारी तापलेली हवा गार करणाऱ्या यंत्रणेनं, सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत गार केला. एवढं जमत आलेलं काम पैसे आटल्यामुळे बुडालं, असं माझं मत.

त्रैराशिक: हिशेब जुळत नव्हता म्हणून पैसे आटले. कक्षेत राहायला सेकंदाला ७.८ किमी वेग लागतो, मॅक ५ म्हणजे जेमतेम दीड. ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. म्हणजे एवढा खटाटोप करून पाच टक्केही पदरात नाहीत, वर ते प्रीकूलरचं धूड कक्षेपर्यंत वाहायचं. आणि वाचवलं काय, तर द्रव ऑक्सिजन, जो इंधन म्हणून लागणाऱ्या हायड्रोजनपुढे मातीमोल! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

अवकाशवेडा: अर्धंच गणित मांडलंत. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा सुटतो तेव्हा वेग असतो सेकंदाला सव्वादोन किमीच्या आसपास, पण तोवर इंधन-ऑक्सिजनचा पाऊण साठा संपलेला असतो. सुरुवातच महाग पडते.

त्रैराशिक: तोच टप्पा २०१५ पासून परत येऊन उभा राहतोय की.

भोसरीकर: दोघे वजनावर भांडताय, घोडं पेंड खातंय नळ्यांच्या जोडांपाशी. मी हीट एक्स्चेंजरच्या (प्रीकूलर त्यातलाच) कारखान्यात टेस्टिंगला आहे. ब्रेझिंग (वितळलेल्या धातूनं सांधे जोडणं) झालेला संच पाण्यात बुडवून आत हवा भरतो. टाचणीच्या डोक्याएवढा एक बुडबुडा दिसला की संच माघारी. तेही नळ्या चांगल्या जाड असताना. इथे केसाहून पातळ भिंतीच्या हजारो नळ्या, आत हेलियम, बाहेर भट्टी. एकदा गार केलं, कबूल. शंभराव्या उड्डाणाला काय?

शेंडेफळ: इस्रोनं २८ ऑगस्ट २०१६ ला श्रीहरिकोट्याहून हवेतलाच ऑक्सिजन वापरणारं स्क्रॅमजेट इंजिन ५ सेकंद चालवलं होतं ना?

त्रैराशिक: चालवलं, पण रॉकेटनं मॅक ६ पर्यंत नेऊन. उभ्या जागी स्क्रॅमजेट चालत नाही. धावपट्टीवरूनच सुरू होणं ही सेबरची खरी करामत, तेवढं मानतो.

अवकाशवेडा: स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.