रागाच्या संदर्भात ‘सजगता’ की ‘भान’?

प्रश्न : राग आवरण्याविषयीच्या एका पुस्तिकेचा मराठी अनुवाद करीत आहे. ‘माइंडफुलनेस’साठी ‘सजगता’ घ्यावे की ‘सावधानता’? तसेच ‘अँगर’ आणि ‘अ‍ॅग्रेशन’ या दोहोंसाठी ‘राग’ चालेल का?

उत्तर : ‘सावधानता’ मी टाळेन; तिला धोक्याच्या सूचनेचा आणि कवायतीचा वास आहे. ‘सजगता’ हा शब्द विपश्यनेच्या शिबिरांमुळे रुळला आहे, त्यामुळे पारिभाषिक संज्ञा म्हणून तो ठेवावा. त्यामागचा पाली शब्द ‘सति’, म्हणजेच संस्कृत ‘स्मृति’. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (२.६३) क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिविभ्रम आणि त्यातून बुद्धिनाश अशी साखळी सांगितली आहे. तिथल्या ‘स्मृति’चा अर्थ शंकराचार्य शास्त्र व आचार्य यांच्या उपदेशाची आठवण असा करतात, म्हणून ती ‘सति’शी तंतोतंत जुळत नाही, तरीही क्रोधात काय निसटते, हे दोन्हीकडे जवळजवळ एकच आहे. चालू गद्यात त्यासाठी ‘भान’ अधिक सहज वाटते, कारण ‘रागाच्या भरात भान राहिले नाही’ असेच आपण बोलतो.

‘राग गिळणे’ मात्र सजगतेच्या अर्थाने कुठेही वापरू नये. सतिपट्ठान सुत्त या सजगतेवरच्या पाली बौद्ध प्रवचनातला साधक द्वेषयुक्त चित्ताला ‘हे द्वेषयुक्त चित्त आहे’ असे जाणतो; ते दडपावे असे तिथे म्हटलेले नाही. रांगेत कोणी मध्येच घुसले, दात आवळले गेले, श्वास आखूड झाला, बोटे मुठीत वळली, हे ज्याला त्याच क्षणी कळते त्यालाही राग आलेलाच असतो. पण वळलेली मूठ लक्षात आल्यामुळे ती उगारायची की नाही, हे ठरवायला त्याला अवसर मिळतो.

म्हणूनच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. राग ही भावना, आक्रमकता हे वर्तन. बस आणि पेरी या मानसशास्त्रज्ञांच्या, आक्रमकता मोजणाऱ्या १९९२ च्या प्रसिद्ध प्रश्नावलीतही राग, वैरभाव, शारीरिक आक्रमकता आणि शाब्दिक आक्रमकता ही चार अंगे वेगळी मोजली जातात. (पुस्तिकेत पाली उतारे असतील तर जपावे : तिथला ‘राग’ म्हणजे आसक्ती, आपल्या रागाच्या जवळचा शब्द ‘दोस’.) ‘अ‍ॅग्रेशन’साठी ‘आक्रमक वर्तन’ असे पूर्ण लिहावे, कारण नुसते ‘आक्रमक’ म्हटले की मराठी वाचकाला आधी फलंदाज आठवतो, आणि तोही कौतुकाने.