कोबेचा नादा साके परिसर: एका दिवसात काय जमेल?

सांजवारा:
जानेवारीत ओसाकात मुक्काम आहे. एक दिवस नादाला द्यायचाय. बरोबर आई (अजिबात घेत नाही) आणि तेरा वर्षांची भाची. चाखण्यापेक्षा साके (तांदळाची जपानी दारू) बनते कशी, हे बघण्यात रस आहे. गाइड घ्यावा का? सुरुवात कुठून? आणि बाटल्या भारतात किती आणता येतात?

मुकादम:
नादा हे एक ठिकाण नाही. निशिनोमियापासून कोबेपर्यंत किनाऱ्यालगत पाच वस्त्या आहेत: इमाझु, निशिनोमिया, उओझाकी, मिकागे आणि निशी. पाचही उरकायला गेलात तर नुसती पायपीट होईल. उओझाकी नि मिकागे धरा, बाकी सोडा.

ओसाका-उमेदाहून हानशिन रेल्वेची लिमिटेड एक्स्प्रेस पकडा, तिला जादा तिकीट लागत नाही. साधारण अर्ध्या तासात उओझाकी. तिथून चालत किकुमासामुने या साके कंपनीचं संग्रहालय, मग पश्चिमेला मिकागेतलं हाकुत्सुरू कंपनीचं. दोन्हीकडे प्रवेश फुकट, शेवटचा प्रवेश दुपारी ४ ला. सुमियोशी नि इशियागावाला फक्त लोकल थांबते, बरेच जण तिथेच फसतात.

दिवसभराचा गाइड नको. हाकुत्सुरूत माणसाच्या उंचीचे पुतळे मांडून एकेक पायरी दाखवली आहे, भाचीला तेवढ्यावर समजेल. माहिती सांगणारा माणूस हवाच असेल तर इशियागावाजवळ फुकुजु या साके कारखान्याकडे आधी आरक्षण करून फेरी घ्या.

आंबोण:
मुकादमांशी सहमत, पण काय बघायचं ते कळलं नाही तर ती नुसती जुनी लाकडी पिंपं वाटतात. क्रम असा: तांदूळ घासून बाहेरचा थर काढतात (दाइगिंजो या उंची साकेसाठी दाणा ५० टक्के किंवा त्याहून कमी उरतो), धुऊन भिजवतात, मग वाफवतात. शिजवून मऊ भात करत नाहीत. दाणा बाहेरून कोरडा, आतून मऊ लागतो, म्हणजे बुरशी आतपर्यंत शिरते. या कोजी बुरशीची वाढ उबदार खोलीत साधारण दोन दिवस चालते. त्यानंतर यीस्टचं विरजण, आणि मुख्य पिंपात कोजी (बुरशी चढवलेला भात), वाफवलेला भात, पाणी तीन हप्त्यांत, चार दिवसांत. सगळं एकदम ओतलं तर विरजणातलं आम्ल पातळ होतं आणि नको ते जंतू यीस्टवर मात करतात. म्हणून दुसऱ्या दिवशी काहीच घालत नाहीत, यीस्टला वाढू देतात.

किकुमासामुनेत उथळ लाकडी टपं नि लांब दांड्यांची वल्ही नक्की बघा. किमोतो पद्धतीत भात-कोजी त्यात घोटतात आणि लॅक्टिक आम्ल निसर्गतः तयार होऊ देतात. विरजणाला सुमारे चार आठवडे लागतात. आम्ल बाहेरून घातलं की दोनच. १९९५ च्या भूकंपात ती इमारत कोसळली, अवजारं ढिगाऱ्यातून काढून १९९९ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. नादातल्या बहुतेक जुन्या लाकडी इमारती त्याच भूकंपात गेल्या, त्यामुळे जुन्या गल्ल्यांची अपेक्षा ठेवू नका. त्या हव्यात तर क्योतोचा साके परिसर फुशिमी बरा.

मुकादम:
फुशिमीचं पाणी मऊ, तिथली साके सौम्य. नादाचं मियामिझु पाणी जपानच्या मानाने जड (क्षार जास्त): फॉस्फरस-पोटॅशियममुळे यीस्ट जोमाने काम करतं, आणि लोह जवळजवळ नसल्याने रंग-वास बिघडत नाही. १८४० च्या सुमारास याचा शोध लागला.

थंडोबा:
जानेवारी हा साके बनवण्याचा ऐन हंगाम, पण संग्रहालयात चालू काम दिसत नाही. काचेतून बघायचं असेल तर उओझाकीतच हामाफुकुत्सुरू हा साके कारखाना आहे. कारखान्यात जाणार असाल तर त्या सकाळी नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) खाऊ नका, त्यातले जीवाणू कोजी बिघडवतात. अत्तरही नको.

जपानमध्ये वयाची अट २०, भाचीला चव मिळणार नाही. आमाझाके (तांदळाचं गोड पेय) विचारून घ्या: कोजीची असेल तर बिनअल्कोहोल, साकेच्या चोथ्याची असेल तर अंश असतो. नाराझुके लोणच्यातही असतो, आईंना सांगून ठेवा. तुम्ही रिकाम्या पोटी चाखू नका, मधे पाणी प्या.

बाटल्या: भारतात प्रौढ प्रवाशामागे २ लिटर शुल्कमुक्त. ७२० मिलीच्या दोन म्हणजे १.४४ लिटर, तिसरी घेतलीत की २.१६. तिसरी ३०० मिलीची घ्या. चेक-इन सामानात कपड्यांत गुंडाळून टाका. नामाझाके घेऊच नका, ती तापवून स्थिर केलेली नसते. फ्रिजबाहेरच्या प्रवासात चव उतरते.