संप्रेरकांच्या भरवशावर प्राणी बदलत्या पर्यावरणात तगतील का?

धागाकर्ता:
हवामान बदलाच्या चर्चेत प्राण्यांना सरसकट असहाय ठरवले जाते, हे मला पटत नाही. जनुकांत बदल रुजायला पिढ्या लागतात. संप्रेरके (हार्मोन) मात्र एकाच जन्मात शरीर पालटतात. उत्तर अमेरिकेतील स्पेडफूट बेडूक पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालतात. डबके आटू लागले की बेडूकमाशांच्या मेंदूतून ताणाचा संदेश सुटतो, थायरॉइडची संप्रेरके आणि कॉर्टिकोस्टेरोन हे ताणाचे संप्रेरक वाढते, आणि पाणी संपण्याआधीच शेपूट जिरून बेडूक जमिनीवर येतो. याहून चोख तजवीज कोणती?

प्रतिसाद १:
उदाहरण सोयीचे निवडले आहे. हा बेडूकमासा प्रत्यक्ष पाणी ‘वाचतो’, पण बहुतेक ऋतुचक्रे दिवसाच्या लांबीवर चालतात. हिवाळ्यात पांढरा होणारा उत्तर अमेरिकेतला स्नोशू ससा घ्या. रात्री मोठ्या होऊ लागल्या की मेलाटोनिन हे अंधारात सुटणारे संप्रेरक अधिक काळ स्रवते, त्यामुळे प्रोलॅक्टिन हे दुसरे संप्रेरक घटते आणि तपकिरी केस जाऊन पांढरे येतात. बर्फ उशिरा पडू लागला तरी दिवसाची लांबी तीच राहते. मग हा पांढरा ससा तपकिरी जमिनीवर दुरूनही दिसतो आणि शिकार होतो. संप्रेरकांनी काम बिनचूक केले, आणि नेमके तेच सशाच्या जिवावर उठले. पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या कमी बर्फाच्या पट्ट्यात यांतले काही ससे हिवाळ्यातही तपकिरी राहतात, पण ती किमया अगूती नावाच्या जनुकातील फरकाची आहे.

धागाकर्ता:
दिवसाच्या लांबीबाबतचा आक्षेप मान्य आहे. तरीही कोणत्या लांबीला शरीराने प्रतिसाद द्यावा हा उंबरठासुद्धा आनुवंशिक असतो आणि निवडीने सरकू शकतो. तेव्हा जनुके आणि संप्रेरके यांना परस्परांचे प्रतिस्पर्धी मानणेच मला चुकीचे वाटते.

प्रतिसाद २:
किमतीचा हिशेब दोघांनीही टाळला आहे. घाईने बाहेर पडलेला स्पेडफूट आकाराने लहान राहतो. गालापागोस बेटांवरचे सागरी इग्वाना हे मोठे सरडे ज्या शैवालावर जगतात, ते समुद्र तापवणाऱ्या एल निनोच्या काळात नष्ट होते आणि उपासमारीत त्यांचे कॉर्टिकोस्टेरोन वाढते. साठवलेली ऊर्जा मोकळी करण्यासाठी ते लागतेच. मात्र ताण सरल्यावर ज्यांना ते लवकर खाली आणता येत नाही, तेच अधिक मरतात, असे अभ्यासात आढळले आहे. म्हणून संप्रेरक वाढते का, एवढे विचारून भागत नाही. ते वेळेवर थांबते का, हेही पाहावे लागते, आणि संकटे लागोपाठ आली तर थांबायला उसंत मिळणार कुठून?