एक्सेलचे उजळणी प्रशिक्षण रंजक कसे करावे?

प्रश्न:
नमस्कार. आमच्या कारखान्याच्या लेखा विभागात २२ जण काम करतात आणि मार्चअखेरची धावपळ सुरू होण्यापूर्वी एक्सेलची उजळणी घेण्याची जबाबदारी माझ्याकडे असते. गेल्या वर्षी मी सलग तीन तास शिकवले. शेवटच्या तासाला निम्मे सहकारी मोबाइल पाहत होते आणि पुढच्याच आठवड्यात त्यांच्यापैकी एकाने मला व्हीलूकअप (यादीतून जुळणारी नोंद शोधून देणारे सूत्र) पुन्हा पहिल्यापासून विचारले. ‘हे तर आम्हाला येतेच’ असे प्रत्येकाला वाटते, हीच खरी अडचण आहे. प्रश्नमंजूषा किंवा बक्षिसे ठेवल्याने फरक पडतो का? कृपया अनुभव सांगावेत.

उत्तर १:
बक्षिसांचा उत्साह त्या दिवसापुरताच टिकतो, असा माझा अनुभव आहे. मी रोजच्या वापरातली एखादी फाइल घेतो, तिच्यातली नावे व रकमा बदलतो, मुद्दाम आठ चुका पेरतो आणि तिघातिघांच्या गटांना त्या शोधायला अर्धा तास देतो. उदाहरणार्थ, एक्सेल संख्येतले पहिले १५ अंकच जपते. त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून भरला की शेवटच्या अंकाच्या जागी शून्य येते. तसेच व्हीलूकअपमध्ये चौथी बाब, म्हणजे अचूक जुळणी हवी की जवळपासची हे, लिहायची राहिली, तर ते जवळपास जुळणारी नोंद शोधते आणि यादी क्रमवार नसेल, तर दुसऱ्याच पुरवठादाराचा दर निमूटपणे समोर आणून ठेवते. हे लक्षात आल्यावर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तिथल्या तिथे स्वतःची जुनी फाइल उघडून तपासायला घेतली. त्या दिवशी कोणालाही मोबाइलची आठवण झाली नाही.

उत्तर २:
वरील पद्धत उत्तमच आहे, मात्र गुणफलक लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पंचवीस वर्षे नोकरी झालेली व्यक्ती सर्वांसमोर शेवटच्या क्रमांकावर आली, की ती पुन्हा शंका विचारत नाही. गट करताना नवे आणि जुने सहकारी एकत्र बसवावेत, कारण नव्यांची बोटे कीबोर्डवर झरझर चालतात, तर कोणता आकडा खटकतो हे जुन्यांना नजरेनेच कळते. शिवाय तीन तास एकदम घेण्यापेक्षा आठवड्यातून वीस मिनिटे घ्यावीत. शिकलेले किती झपाट्याने विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते.

उत्तर ३:
मी सुरुवातीला एक खरी घटना सांगते. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून सुटल्याचे उघड झाले, कारण माहिती जुन्या एक्सएलएस स्वरूपात साठवली जात होती आणि त्यात ६५,५३६ ओळीच मावतात. नव्या स्वरूपात ही मर्यादा १०,४८,५७६ आहे. एवढे सांगून मी ‘आपल्या किती फाइली अजून जुन्या स्वरूपात आहेत?’ असे विचारते आणि शोधाशोध आपोआप सुरू होते.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. पुरवठादारांच्या देयकांच्या फाइलपासून सुरुवात करते. चुका किती आहेत, हे आधी सांगावे का?

उत्तर १:
सांगू नये, कारण संख्या कळली की तेवढ्या चुका सापडताच शोध थांबतो. आमच्या एका गटाने मी न पेरलेली नववी चूक शोधून काढली होती. ती मूळ फाइलमध्येच होती.