मदत हवी आहे: भिंतीत दयाळाचं घरटं, कडुनिंबावर टकाचोर आणि दारात पेंटर

सांदवाडी:

नमस्कार मंडळी,

आमचं घर नागपुरातल्या जुन्या वस्तीत आहे. सांदवाडीकडच्या, म्हणजे दोन घरांमधल्या चिंचोळ्या बोळाकडच्या, भिंतीला कधीकाळी पाइपसाठी पाडलेलं भोक तसंच राहून गेलंय, त्यात यंदा दयाळाच्या जोडीनं घरटं केलं. नर काळा कुळकुळीत, पोट पांढरं, पंखावर पांढरा पट्टा. मादी तशीच, फक्त काळ्याच्या जागी राखाडी. उजाडायच्या आधीच नर केबलच्या तारेवर बसून गायला लागतो आणि मध्येच दुसऱ्याच पक्ष्याचा आवाज काढतो. माझे सासरे आजारपणामुळे अंथरुणावर आहेत, त्यांची सकाळ या गाण्यानंच सुरू होते. त्यामुळे या घरट्यात आम्हा सगळ्यांचा जीव अडकलाय.

आता अडचण. शेजारच्या कडुनिंबावर टकाचोराची जोडी आहे. तांबूस-पिवळसर अंग, काळपट डोकं, ती लांबलचक शेपटी. आजकाल त्यातला एक आमच्या कूलरच्या स्टँडवर येऊन बसतो आणि मान वाकडी करून भोकाकडे बघत राहतो. तो दिसला की दयाळ 'चर्र चर्र' करत शेपटी उभारून त्याच्या अंगावर धावून जातो. शेजारचा मुलगा म्हणतो, काकू, गलोलीनं हाकलतो. मी त्याला थांबवलंय.

त्यात पेंटर याच आठवड्यात यायचं म्हणतोय, भोक बुजवून मग रंग. आणि ऊन तर तुम्हाला माहीतच आहे, कूलर बंद ठेवणं शक्य नाही.

मी आत डोकावलेली नाही. पण दोन्ही पक्षी चोचीत किडे, अळ्या घेऊन आत जातात आणि बाहेर येताना बरेचदा पांढरं, गोळीसारखं काहीतरी चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. हे काय असतं? भोकाला जाळी लावू का? पेंटरला किती दिवस थांबवू? कृपया लवकर सांगा.

अंबाझरीकाठ:

ताई, तुम्ही लिहिलेली पांढरी गोळी म्हणजे पिल्लांची विष्ठा. ती पातळशा पिशवीत गुंडाळलेली बाहेर पडते आणि आईबाप ती उचलून दूर टाकतात, म्हणजे घरटं स्वच्छ राहतं आणि वासावर कुणी येत नाही. याचा अर्थ अंडी फुटलीत. मादी साधारण १२-१३ दिवस एकटीच उबवते. पुढे पिल्लं सुमारे दोन आठवड्यांत बाहेर पडतात. पेंटरला तेवढं थांबवा, वर आणखी आठवडा हाताशी ठेवा.

जाळी अजिबात नको. भोकाचं तोंड बदललं की आईबाप बिचकतात आणि आत जायला टाळतात. उन्हाळ्यात पिल्लं थोडा वेळ जरी उपाशी राहिली तरी जीवावर बेततं. टकाचोर शेपटीसकट ४६ ते ५० सेंटीमीटरचा असतो, दयाळ जेमतेम १९-२०. भोक अरुंद आणि हातभर खोल असेल तर टकाचोराची चोच आतपर्यंत पोचणार नाही. तुम्ही फक्त त्याची बसायची जागा काढून घ्या. स्टँडच्या त्या कडेला बादली, कुंडी असं काहीही ठेवा, पण दयाळाचा येण्याजाण्याचा रस्ता मोकळा असू द्या. सांदवाडीत पाण्याचं भांडं असेल तर ते समोरच्या अंगणात न्या. पाण्यावर टकाचोर येतो, कावळा येतो, मांजरही येतं.

टकाचोरावर राग धरू नका, ही माझी कळकळीची विनंती. तो कावळ्याच्या कुळातला आहे. अंडी-पिल्लं खातो हे खरं, पण किडे, पाली आणि वड-पिंपळाची फळंही खातो आणि त्या झाडांच्या बिया पसरवतो. एप्रिल ते जून त्याचाही विणीचा काळ असतो, त्या कडुनिंबात कदाचित त्याचीही पिल्लं असतील. गलोल तर नाहीच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे पक्ष्यांना मारणं आणि त्यांची घरटी मोडणं गुन्हा आहे. त्या मुलाला हे नीट समजावून सांगा, त्यालाच राखणीला बसवा.

कूलर चालू द्या. आवाजाची त्यांना सवय झालेली आहे, नाहीतर तिथं घरटं केलंच नसतं. फक्त टाकीचं पाणी भोकात झिरपत नाही ना, तेवढं बघा.

निंबोळी:

पेंटरले म्हणा समोरच्या भिंती आधी कर! काय घाई होऊन राहिली त्याले. अन् ताई, पिल्लू खाली दिसलं तर उचलू नका बरं. आमच्याकडं लोक उचलून घरात नेऊन राहिले होते, मोठ्या मुश्किलीनं थांबवलं.

अंबाझरीकाठ:

हे फार महत्त्वाचं आहे. दयाळाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच बाहेर पडतात. अंगावर तपकिरी ठिपके, शेपटी आखूड, कुंडीमागे नाहीतर झुडपात गप्प बसलेली. आईबाप तिथंही भरवत राहतात. ते दिवस मांजराला सांदवाडीत येऊ देऊ नका. रस्त्यावर किंवा उघड्यावर असेल तर अलगद जवळच्या झुडपात ठेवा आणि दूर व्हा. जखम असेल तरच सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (जखमी वन्यजीवांवर उपचार करणारं केंद्र) न्या. हवेशीर खोक्यात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका. पाणी श्वासनळीत जातं आणि पिल्लू दगावतं.

सांदवाडी:

दोघांचेही मनापासून आभार. पेंटरनं समोरची बाजू आधी घ्यायचं कबूल केलंय. स्टँडच्या कडेला तुळशीच्या दोन कुंड्या ठेवल्या, पाण्याचं भांडं पुढं नेलं. शेजारचा मुलगा आता गच्चीवरून मांजरांवर लक्ष ठेवतोय. एकच विचारते, पिल्लं गेल्यावर भोक बुजवलं तर चालेल ना?

अंबाझरीकाठ:

यांचा हंगाम मार्चपासून जुलैपर्यंत चालतो, जोडी पुन्हा अंडी घालू शकते. तोवर बुजवू नका. आणि पुढंही ठेवता आलं तर ठेवाच. जुनी झाडं तुटत चालली, भिंती सिमेंटनं गुळगुळीत झाल्या, यांना ढोली मिळणार कुठं? पेंटरला सांगा, भोकाच्या कडेनं रंग दे आणि आतल्या बाजूनं बुजव. बाहेरून हातभर खोली तशीच राहू दे.